चुकलं की बेडूक बुडायचा

शाळेमागच्या शेतात आज सकाळपासून भात झोडताहेत. पेंढी डोक्यावर उचलायची आणि फळीवर आपटायची. धप्. दाणे उडतात, पेंढा बाजूला फेकतात, दुसरी पेंढी. धप्. मी सहावीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होतो आणि प्रत्येक आवाजाला माझा खडू थबकत होता. माझ्या लक्षात यायच्या आधी ते मुलींच्या लक्षात आलं. मागच्या बाकावरून कुणीतरी मला समजावलं, "सर, भात झोडतात. भूकंप नाय." वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढचं अक्षर गिरवलं.

नोव्हेंबर परत आला आहे. ताडाला मडकी लागली आहेत. डहाणूहून मोटारसायकलवर येताना सकाळची थंडी बोटांना चावते आणि घोलवडकडून येणाऱ्या टेम्पोतून पिकत आलेल्या चिकूंचा गोड वास रस्त्यावर सांडत असतो. सगळं मागच्या वर्षीसारखंच आहे. जमीनही अधूनमधून हादरते, पण आता कुणी त्याची बातमी सांगत नाही. घरात आजारी माणूस असावं आणि त्याच्या खोकल्याची सवय व्हावी, तसं झालं आहे. मला मात्र सवय होत नाही. मला त्या आवाजाची भीती वाटते, असं सगळे समजतात. समजू देत.

तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगायला हवं. लोकांना वाटतं की भूकंप म्हणजे हलणं. आमच्याकडे आधी आवाज यायचा. तलासरीच्या आसपासच्या खाणींत सुरुंग लावतात ना, तसा, पण पायाखालून. जमिनीच्या पोटात कुणी दार आपटावं तसा. त्या आवाजाच्या पाठोपाठ, श्वास घ्यायच्या आत, धक्का. भांडी फळीवरून उड्या मारायची. गुरं दावी तोडायची. नव्या विटांच्या भिंतींना वरपासून खालपर्यंत भेग जायची आणि भेगेतून पलीकडचं आभाळ दिसायचं. मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे कानांवर जगत होतो. आवाज आला की पळायचं. जेवता जेवता पळायचं, आंघोळ अर्धी टाकून पळायचं. चार-पाच वर्षांची पोरंसुद्धा आवाज ओळखायला शिकली होती. ज्याचा कान तयार, तो वाचला.

हे वाक्य लिहायला मला एक वर्ष लागलं.

या शाळेत मी दोन हजार चौदा साली आलो. उधव्याच्या अलीकडे, ओहोळ ओलांडला की डाव्या हाताला. मी गणित आणि विज्ञान शिकवतो. कुणा कंपनीने जुने झालेले संगणक शाळेला दिले होते, ते तेव्हा खोक्यांतच होते आणि एका खोक्यात उंदरीण व्याली होती. मी ते साफ केले, जोडले, कोपऱ्यातली एक खोली त्यांच्यासाठी मागून घेतली. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, "करा काय ते. फक्त मला काही विचारू नका." इंटरनेट म्हणजे माझा मोबाईल. तो प्लास्टिकच्या साबणदाणीत ठेवून खिडकीच्या गजाला बांधायचा. वारा फिरला की फोनला गुजरातचा टॉवर सापडायचा आणि गुजरातमध्ये स्वागत असल्याचा संदेश यायचा. मुलं ओरडायची, "सर, आपण गुजरातला पोचलो!" आणि मग पान उघडायचं.

फुकट मिळणाऱ्या त्या शैक्षणिक संकेतस्थळांनी मला वेड लावलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी सहावी-सातवी-आठवीच्या मुलांसाठी हे करून ठेवलं होतं आणि पैसा मागत नव्हते. एका ठिकाणी विजेचं मंडळ जोडता यायचं. तारा उलट्या लावल्या की बॅटरीला आग लागायची, खरीखुरी वाटेल अशी. एका ठिकाणी आपल्या मनासारखं घर बांधायचं, खालची जमीन निवडायची आणि एक बटण दाबून घर हलवायचं. बहुतेक पानं इंग्रजीत, थोडी हिंदीत, मराठीत अगदी एखाददुसरं. मुलांना भाषेची अडचण कधी आलीच नाही. घरी वारली, बाजारात मराठी, नातेवाइकांकडे गुजराती बोलणारी मुलं ती. आणखी एक भाषा त्यांनी न विचारता पचवली.

आणि बेडूक. अपूर्णांकांचा खेळ होता तो. नदीत दगड, प्रत्येक दगडावर एक अपूर्णांक, आणि काठावर एक गलेलठ्ठ हिरवा बेडूक. मोठा अपूर्णांक निवडला की बेडूक पुढच्या दगडावर उडी मारायचा आणि वर कोपऱ्यात एक चांदणी यायची. छोटा निवडला की बेडूक हवेतच डोळे मोठे करायचा, पाय झाडायचा आणि डुबुक करून पाण्यात पडायचा. मग डोक्यावर शेवाळ घेऊन वर यायचा, तोंडातून पाण्याची चूळ सोडायचा आणि खाली अक्षरं यायची, पुन्हा प्रयत्न कर. ती अक्षरं लाल नव्हती. पिवळी होती.

रोशनी मागच्या वर्षी सातवीत होती. बारीक अंगाची, केसांना खोबरेल चोपडून घट्ट वेणी घातलेली. वडील गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी, पावसाळा सोडला तर घरी नसायचे. आई मिळेल त्या मजुरीला जायची. अपूर्णांक म्हटलं की रोशनीचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. वर्गात मी विचारलं, की ती आधी माझ्या हाताकडे बघायची, मग फळ्याकडे. त्या बेडकापुढे मात्र ती तासन्तास बसायची. चुकायची, हसायची, परत चुकायची. हळूहळू तिला यायला लागलं. मी ते पाहिलं आणि अभिमानाने मोठ्या सरांना बोलावून दाखवलं. पण तिला माझ्याकडून जे सहावीत वर्षभर येत नव्हतं ते एका बेडकाकडून का आलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. उत्तर समोर होतं. बेडूक मारत नव्हता.

मी मारायचो. छडीने नाही. छडी कायद्याने बंद झाली होती आणि मी कायदा पाळणारा माणूस. हाताने मारायचो. आमच्या घरात मारणं म्हणजे राग नव्हे, तर वळण. माझे वडील घोलवडला चिकूच्या वखारीत कामाला होते. संध्याकाळी नरपडच्या घरी यायचे तेव्हा त्यांच्या हातांना चिकूचा चीक लागलेला असायचा. चापट बसली की तो चीक गालाला चिकटायचा आणि हात सुटताना कातडी किंचित ओढली जायची. रात्री आई रॉकेलच्या बोळ्याने माझा गाल पुसायची. "तुझ्या भल्यासाठीच मारतात," असं म्हणायची आणि माझ्याकडे न बघता पुसत राहायची. मी शिकलो, शिक्षक झालो. म्हणजे मार लागू पडला, असा हिशेब मी मांडला होता. इतक्या साध्या गणितात मी चुकलो.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात एक साहेब शाळा बघायला आले. डिजिटल शाळांचं वारं होतं ते. मी आठवडाभर तयारी केली होती. फोनला नवा पॅक मारला, साबणदाणी फडक्याने पुसली. खोलीत साहेब, मोठे सर आणि भिंतीला टेकून उभी सातवी. मी रोशनीला पुढे बसवलं, कारण आमच्यात ती बेडकाची उस्ताद. दगडांवर अपूर्णांक आले. तिला ते येत होते. मला माहीत होतं की येत होते. तिने छोटा निवडला. डुबुक. साहेब हसले. मी म्हणालो, "घाबरली आहे. नीट बघ, रोशनी." तिने परत छोटा निवडला. डुबुक. आता सगळा वर्ग हसत होता आणि रोशनी साहेबांकडे वळून बघत होती, डोळे चमकवत. तिसऱ्यांदा डुबुक. साहेब मजेत होते. जाताना मोठ्या सरांना सहज म्हणाले, "खेळ छान आहे. पण मुलांना अपूर्णांक अजून येत नाहीत वाटतं."

जीप फाटकाबाहेर गेली. मोठे सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बुडाला हो तुमचा बेडूक."

मी व्हरांड्यात आलो. रोशनी तिथेच होती, मैत्रिणींबरोबर, अजून हसत.

"मुद्दाम केलंस?" मी विचारलं.

"हो, सर," ती म्हणाली. अगदी सरळ. शाबासकी मिळणार असल्यासारखी.

त्या 'हो'वर माझा हात उठला. गालावर मारायचा होता. तिने मान वळवली की माझा नेम चुकला, ते मला सांगता येणार नाही. उघडा पंजा तिच्या डाव्या कानावर सपाट बसला. रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसा पोकळ आवाज झाला. ती भिंतीवर गेली, खांबाला आपटली आणि खाली बसली. रडली नाही. तोंड उघडं ठेवून बसून राहिली, जणू कुठूनतरी आवाज येतो आहे आणि तो कुठून येतो हे तिला शोधायचं आहे. मैत्रिणींतली एक दबकत म्हणाली, "सर, ती पाव्हण्यांना गंमत दाखवत होती. बरोबर दिला का नुसती चांदणीच येते."

पाहुणा आला की घरातली सगळ्यांत चांगली वस्तू पुढे करायची, ही या पाड्यांवरची रीत आहे. घरात एकच खुर्ची असली तर ती तुम्हाला देतील आणि स्वतः उकिडवे बसतील. रोशनीने साहेबांना तिच्याजवळचं सगळ्यांत चांगलं दिलं होतं. शाळा सुटल्यावर मी खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वतः चुकीचं उत्तर दाबलं. बेडकाने डोळे मोठे केले, पाय झाडले. मला हसू आलं. एकटाच हसलो आणि मग टेबलाची कड धरून बसलो.

दोनेक दिवसांनी ती आली तेव्हा कानात कापूस होता आणि कापूस पिवळा झाला होता. मोठ्या सरांनी विचारलं तर म्हणाली, "चिंचेवरून पडले." माझ्यासमोर म्हणाली. तिला दवाखान्यात न्यायला हवं, हे मला कळत होतं. नेलं तर डॉक्टर विचारणार, हेही कळत होतं. मग मी माझ्यासारखी माणसं करतात ते केलं. तिला बक्षीस दिलं. "रोशनी, तुला हवं तेव्हा संगणकाच्या खोलीत बसत जा. तुझ्यासाठी खोली उघडी." ती बसू लागली. मला बरं वाटू लागलं. मधल्या सुट्टीत खिडकीतून दिसणारी तिची पाठमोरी वेणी बघितली की वाटायचं, भरपाई चालू आहे.

भात कापून झालं, झोडणी सुरू झाली आणि त्याच सुमारास पायाखाली सुरुंग फुटू लागले. पहिल्या काही दिवसांत कुणी काही म्हणायचं. धरणीमाय कूस बदलते. खाली कुणी बोअर मारतो. नारळ फोडा, कोंबडं द्या. शाळेत मुलं हादरा बसला की पळायची आणि मैदानात पोचली की चेकाळायची. एकदा एका मुलीने ओरडून मला विचारलं होतं, "सर, हा बंद कुठून करायचा? बटण दाबा ना!" सगळे हसले, मीही. घर हलवण्याचा तो खेळ आम्ही त्यानंतर परत उघडला नाही. पुढे धक्के वाढले, घरांच्या भिंती उसवल्या, लोक शेतात प्लास्टिक बांधून झोपू लागले. लहान मुलं थंडीने खोकायची आणि आया रात्रभर शेकोटीपाशी जाग्या असायच्या. हसणं संपलं.

त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसू लागली. आवाज आला की वर्ग उठायचा. रोशनी उठायची ती वर्ग उठलेला बघून. इतरांच्या मागे एक क्षण. आवाज कोणत्या बाजूने आला हे तिला कळायचं नाही, म्हणून ती आधी आजूबाजूला बघायची आणि मग पळायची. कुणाच्या ध्यानात आलं नसेल. माझ्या आलं. मी तिला दाराजवळच्या बाकावर बसवलं. एवढंच केलं. संगणकाच्या खोलीचं दार उघडंच ठेवलं.

तो दिवस जानेवारीतला. मधली सुट्टी संपत आली होती. मी सहावीच्या वर्गात होतो, निम्मी मुलं परत आली होती. आवाज आला तो आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा, छातीवर बुक्की बसावी तसा. मग जमीन उजवीकडे गेली आणि आम्ही डावीकडे. फळा खिळ्यासकट खाली आला. मुलं किंचाळत दारात दाटली, एक पडली, तिच्यावरून दुसरी गेली. मी मुलांना बाहेर ढकललं, असं नंतर लोक म्हणाले. मी त्यांच्याबरोबर पळालो, एवढंच मला आठवतं. मैदानात धूळ होती, कौलं फुटल्याचा आवाज येत होता, स्वयंपाकघरासमोर खिचडीचं पातेलं उपडं होऊन वाफ निघत होती. खिचडी शिजवणारी मंगळमावशी पोरींना छातीशी ओढून घेत होती. ती ओरडली, "रोशनी कुठंय? सर, रोशनी नाय दिसत!"

मला माहीत होतं की ती कुठे आहे. मधल्या सुट्टीत ती कुठे असायची हे मीच ठरवून दिलं होतं. आणि ती काय करत असणार तेही. धड कानावर हेडफोन, समोर नदी.

मी आत धावलो. संगणकाच्या खोलीत छताचं प्लास्टर लोंबत होतं. एक मॉनिटर जमिनीवर फुटला होता. रोशनी टेबलाजवळ उभी होती, हेडफोन गळ्यात, पाय काचेने कापलेला. मी दारातून हात पुढे केला, "ये! चल!"

तिने माझा हात पाहिला. दोन्ही कोपरं चेहऱ्यासमोर घेतली, तळवे कानांवर दाबले आणि मागे सरकली. टेबलाखाली शिरली. खोलीच्या त्या कोपऱ्यात, जिथली भिंत वरून फाटत आली होती.

"मी नाय पाडला, सर! मी नाय पाडला कम्प्युटर! आपोआप पडला!"

भिंत हलत होती आणि ती पोर मला शपथा घालत होती. मी वाकलो तशी ती आणखी मागे गेली. तिच्या मागे मरण होतं आणि पुढे मी. तिने मरणाच्या बाजूला सरकायचं ठरवलं होतं. मी तिचा दंड पकडला. ती माझ्या मनगटाला चावली, दात हाडापर्यंत गेले. मी सोडलं नाही. वेणी धरली, दंड धरला, काचांवरून फरफटत ओढली. ती लाथा झाडत होती, किंचाळत होती, "आई! आई गं! सर मारतात!" दारातून बाहेर पडलो तेव्हा दुसरा धक्का आला आणि आत प्लास्टर कोसळलं. मागून धुळीचा लोट आमच्या अंगावर आला. मैदानात मी तिला सोडलं तशी ती माझ्यापासून लांब पळाली आणि मंगळमावशीच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली.

आठवड्याभराने मला शाल आणि नारळ मिळाला. शाळा तोवर मैदानात मांडवाखाली भरू लागली होती. सरपंच म्हणाले, "जीव धोक्यात घालून सरांनी लेकराला वाचवलं." टाळ्या झाल्या. फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. फोटोत माझ्या मनगटाला पट्टी आहे. शेजारी रोशनी उभी आहे, तिच्या दंडावर माझ्या बोटांचे काळेनिळे वळ. खाली कुणीतरी लिहिलं होतं, भूकंपात जखमी झालेली विद्यार्थिनी. कार्यक्रम संपताना रोशनीची आई पुढे आली, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझे पाय मागे घ्यावेत एवढंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पाड्यावर गेलो. पाड्यावरची कुडाची जुनी घरं जशीच्या तशी उभी होती. रोशनीचं घर नवं, विटांचं. त्याच्या दारात उभं राहिलं की पडलेल्या भिंतीतून मागचं अंगण दिसायचं. आई बाहेर पेंढ्याच्या गंजीपाशी गवत बांधत होती. मला बघून तिने प्लास्टिकची खुर्ची आणली, पुसली. मी बसलो नाही.

"बाई, तिचा कान चिंचेवरून पडून गेलेला नाही."

ती पेंढी बांधत राहिली. "मना ठावं हाय."

"केव्हापासून?"

"त्याच रातीला. पोरीनं सांगितलां."

"मग तुम्ही शाळेत का आला नाहीत? कुणाला का बोलला नाहीत?"

तिने दोरीची गाठ दाताने ओढली. "बोलून काय करू? तिचा बाप बोटीवं. मी शाळंत येऊन भांडले असते तर तुमी तिला काढली नसती, पण ती आपोआप सुटली असती. अशा किती पोरी सुटल्या पाड्यावरच्या. मी तिला बोलले, एक कान गेला, दुसरा हाय ना. शिकून घे."

मी शेवटी त्या खुर्चीवर बसलो. "आणि काल पाया पडलात?"

"तुमी वाचवली म्हून पडले," ती म्हणाली. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून, रोखून बघत, "आता काय, ते पाया पडलेलं काढून घेऊ?"

मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर घरी जाऊन झोपलो असतो. तिने मला काहीच दिलं नाही. जमिनीची एक सवय त्या हिवाळ्यात मी पाहिली होती. धक्का देऊन झाला की ती अगदी स्वस्थ असायची, जणू तिने काही केलंच नाही, आणि मोडलेलं सगळं माणसांनी गोळा करायचं. मीही तेच करत आलो होतो. फरक इतकाच की जमिनीला राग नसतो. आणि मोडलेलं कुठे पडलं आहे, हे तिला माहीत नसतं.

"तिला वापीला नेऊ," मी म्हणालो. "कानाचा डॉक्टर आहे. तुम्ही दोघी चला."

"चलू," ती म्हणाली आणि पुढची पेंढी ओढली.

यंदा रोशनी आठवीला दुसऱ्या शाळेत गेली आहे. कानाच्या पडद्याला ठिगळ लावतात तशी शस्त्रक्रिया झाली. डाव्या बाजूने तिला आता निम्मंशिम्मं ऐकू येतं असं म्हणतात. मी तिला विचारायला गेलेलो नाही. आमच्या शाळेत नवी खोली बांधली जाते आहे. संगणक पुन्हा खोक्यांत आहेत, आणि मी मुलांना तीच पानं माझ्या मोबाईलवर दाखवतो, एका वेळी चार डोकी जवळ घेऊन. कुणी चुकलं की माझा उजवा हात खिशात जातो. मुलांना वाटतं, सरांना थंडी वाजते.

वापीच्या दवाखान्याच्या त्या सकाळकडे मात्र मी पुन्हा पुन्हा जातो.

बाहेरची खोली गच्च भरलेली होती. गुजराती, हिंदी, मराठी, सगळ्या भाषांतली रडकी मुलं. बाकावर आई, मध्ये रोशनी आणि तिच्या शेजारी मी. वाटेतल्या जीपमध्ये मी शब्द जुळवत आलो होतो. आमचा नंबर जवळ आला तसा मी खाली वाकून हळूच म्हणालो, "रोशनी, तुझा कान माझ्यामुळे गेला. माझं फार चुकलं. तू काही वाईट केलं नव्हतंस."

ती समोरच्या भिंतीवर चिकटवलेलं कानाचं चित्र बघत होती. बघतच राहिली. मग माझ्या ओठांची हालचाल जाणवल्यासारखी वळली.

"काय, सर?"

मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो.

मी उठलो. रोशनीच्या पुढून वळून तिच्या उजव्या बाजूला गेलो. तिथे आई बसलेली होती म्हणून उभा राहिलो आणि गोंगाटात ऐकू जावं म्हणून मोठ्याने तेच सगळं पुन्हा म्हणालो. खोलीतली मोठी माणसं बोलायची थांबली. कुणीतरी आपलं मूल मांडीवर जवळ ओढून घेतलं.

रोशनीने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते मना ठावं हाय," ती म्हणाली. "मना काय सांगता, सर? डाक्टरला सांगा. औषध त्याला द्यायचंय."

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

डॉक्टर वयस्कर होते, कपाळाला दिवा बांधलेला. त्यांनी तिची मान हलकेच एका बाजूला कलती केली, कानात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "हे कसं झालं?" त्यांनी विचारलं. चिंचेचं झाड या वेळी कुणीच पुढे केलं नाही. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"मी मारलं," मी म्हणालो. "मी तिचा शिक्षक."

डॉक्टरांनी दिवा विझवला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि आवाज जराही न चढवता, तपासणीतला पुढचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "किती जोरात?"

रोशनीने ऐकू यावं म्हणून तोंड पूर्ण माझ्याकडे वळवलं.

"होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून," मी म्हणालो.